नोंद क्रमांक सतरा

साडेआठपासून लाइट नव्हती.
ठाणे अंमलदार मी. आवारात जप्तीचा ट्रॅक्टर,
त्याच्या सीटवर मांजरीची तीन पिल्लं,
आणि मागच्या खोलीत बिसन उईके, वय एकोणीस,
ज्याचं नाव अजून कुठल्याच वहीत नव्हतं.

टॉर्चमध्ये आधी चपला दिसल्या, धानाच्या बांधावरच्या चिखलाच्या,
मग पँटचे दुमडलेले पाय,
मग चष्मा.
"उदाराम ताकसांडे. सावरटोल्याचा.
तुकडू कोतवालाचा मुलगा."
एवढंच सांगितलं.
तीस वर्षं परदेशात सरकारचा माणूस होता,
राजदूत की काय म्हणतात ते,
हे मला दुसऱ्या दिवशी चहावाल्याकडून कळलं.

"बिसनची नोंद केली का?"
म्हटलं, नोंद कायची जी, विचारपूस चालू आहे.
"मग मी बसतो."
आणि बसला.
बाकाचा एक पाय तोकडा, त्याखाली
रिकामी काडेपेटी चेपून सरकवली,
जन्मभर हेच काम केल्यासारखी.

मला वाटलं, कायदा सांगेल.
वरच्या साहेबांची ओळख काढेल.
त्यानं डबा उघडला. भात न् जवसाची चटणी.
अर्धा झाकणात काढून माझ्यापुढं केला.
बाराला विचारलं, "नोंद?"
दीडला विचारलं, "नोंद?"
आवाज चढला नाही, उतरलाही नाही.
आतून एकदा कोणी कण्हलं.
दोघांनी ऐकलं.
मी भिंतीकडं पाहिलं. तो माझ्याकडं.

मग बोलला, मला नाही, कंदिलाला बोलल्यासारखा:
"माझा बाप दवंडी द्यायचा.
कोणी हरवलं की नाव घेऊन ओरडायचा, बापाच्या नावासकट.
कोंडवाड्यातल्या बैलाचंही नाव घ्यायचा.
मी जिनिव्हात हरवलेल्या माणसांची यादी वाचली.
एका देशाचे चारशे बारा.
अध्यक्ष म्हणाले, आकडा सांगा, वेळ कमी आहे.
मी नावं वाचत राहिलो.
एकतिसाव्या नावाला माइक बंद केला त्यांनी."
थोडा हसला.
"लोक इथवरच सांगतात.

पुढच्या वर्षी त्याच यादीवर मतदान होतं.
दिल्लीहून निरोप आला, एका ओळीचा.
टेबलावर तीन बटणं असतात, हवालदार.
हिरवं, लाल, आणि एक पिवळं.
मी पिवळं दाबलं.
फार मऊ असते ते.
दाबलं हेही बोटाला कळत नाही."

पावणेतीनला मी डायरी ओढली.
शूरपणा नव्हता तो, खोटं काहून बोलू.
झोप आली होती. साहेब घरी गेले होते.
आणि डब्याचं झाकण माझ्या टेबलावर रिकामं होतं,
खाल्लेलं मीच.

नोंद क्रमांक सतरा.
बिसन वल्द फागू उईके.
अंगावर वळ: होय.
"कोणत्या बाजूला," तो म्हणाला, "तेही लिहा."
लिहिलं. डावीकडे पाच. उजवीकडे मोजता आले नाहीत.

सकाळी बिसनला कोर्टात नेलं, उभ्या पायानं.
महिन्याभरात माझी बदली, थेट कोरचीला.
ताकसांडे मेले तेव्हा पेपरात बातमी होती,
चार देशांची नावं, कोटातला फोटो,
मानवी हक्क हा शब्द दोनदा.
सावरटोला एकदाही नाही.

परवा पेन्शनच्या दाखल्यासाठी ठाण्यात गेलो.
बाक आता लोखंडी, चारही पाय सारखे.
डायरी कम्प्युटरमध्ये.
पोरगा मान वर न करता म्हणाला, काका, नाव?
मी सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट.
"एवढं लागत नाही, काका."
म्हटलं, लागते बाबू. लिही.